नागपूरची मारबत आणि बाकाबाईंची आख्यायिका

श्रावण अमावास्येस पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर शहरात मारबतीची मिरवणूक निघते. विदर्भाबाहेरील महाराष्ट्रास हा उत्सव जवळजवळ अपरिचित आहे. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते, इतवारीतून काळी मारबत निघते; नेहरू पुतळ्याच्या परिसरात दोघींची गाठ पडते आणि मग ही प्रचंड यात्रा शहराच्या जुन्या वस्तीतून पुढे सरकते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद व कापड, वर रंग आणि दागिने, अशी या दोन स्त्रीमूर्तींची घडण असते. त्यांच्या मागेपुढे 'बडगे' चालतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. त्याच्या गळ्यात पाटी असते आणि त्या पाटीवर त्या वर्षी लोकांस जाचलेल्या दुष्ट गोष्टीचे नाव असते. शेवटी शहराबाहेर या सर्वांचे दहन होते. पिवळ्या मारबतीचे दहन नाईक तलावाच्या बाजूस करण्याची रीत आहे.

हा उत्सव पाहणाऱ्यास त्यातला आनंद समजावून सांगावा लागत नाही. ढोलताशांचा गजर, गच्च्यांवर दाटलेली माणसे, बडग्यांच्या पाट्या वाचून उसळणारे हसू आणि मारबत जवळ आली की पुढे होणारी लेकुरवाळ्या बायांची गर्दी, हे सारे आपोआप पाहणाऱ्यास आपल्यात ओढून घेते. परंतु 'ही मारबत कोणाची?' असा प्रश्न केला की बहुधा एकच उत्तर मिळते, आणि ते इतिहासाच्या अभ्यासकास स्वस्थ बसू देत नाही. ते उत्तर असे की, काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातील बाकाबाई. १८५७ साली त्या इंग्रजांस मिळाल्या, म्हणून नागपूरकरांनी त्यांची प्रतिमा करून ती गावाबाहेर नेऊन जाळण्यास आरंभ केला. बोलण्यात हे नाव 'बांकाबाई' असेही येते. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास ही कथा नव्याने सांगितली जाते, छापली जाते, आणि शाळकरी मुलांच्या तोंडी ती इतिहास म्हणूनच बसली आहे.

एका स्त्रीस दरसाल जाळण्याचे समर्थन जर इतिहासाच्या नावाने केले जात असेल, तर तो इतिहास एकदा तपासून पाहणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत निबंधात तेवढाच प्रयत्न आहे.

प्रथम बाकाबाईंविषयी. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या त्या राणी. रघूजी मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले, परंतु ते शरीराने व बुद्धीने दुबळे होते. त्यांच्या नावाने कारभार कोणी पाहावा यावरून दरबारात दोन तट पडले. एका तटाच्या अग्रभागी बाकाबाई होत्या, दुसऱ्याचे नेतृत्व रघूजींचे पुतणे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्याकडे होते. या झगड्यात अप्पासाहेबांनी इंग्रजांचा आधार घेतला आणि मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला. हा तपशील मुद्दाम ध्यानात ठेवावयास हवा. आपल्या दुसऱ्या रघूजींनी अखेरपर्यंत जी फौज पत्करली नाही, ती नागपुरात आणणारा हात बाकाबाईंचा नव्हता, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा होता. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला, अप्पासाहेब राजे झाले, आणि त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजांशी त्यांची लढाई झाली. सीताबर्डीमुळे अप्पासाहेब लोकस्मृतीत वीर ठरले. १८१६ च्या तहाची आठवण मात्र कोणी काढत नाही. लोकस्मृती अशी निवडक असते, हे येथेच नोंदवून ठेवणे बरे.

अप्पासाहेबांच्या पाडावानंतर जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या कन्येच्या मुलास, बाजीबास, दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. हेच तिसरे रघूजी. राजा अल्पवयी, राज्यकारभाराची सूत्रे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या हाती, आणि राजवाड्याची व बालराजाची देखभाल बाकाबाईंकडे, अशी व्यवस्था झाली. १८२६ च्या तहानंतर कारभार टप्प्याटप्प्याने राजाकडे आला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास गेले. राणीवशाकडून राज्य परत मिळविण्याची खटपट झाली, विलायतेपर्यंत वकील धाडण्यात आले. त्या घराण्यातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती या काळात बाकाबाईच होत्या.

१८५७ च्या जून महिन्यात नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळाने उठावाचा बेत केला. पायदळ व तोफखाना यांनी साथ न दिल्याने तो फसला आणि पुढाऱ्यांस फाशी देण्यात आली. या वेळी वृद्ध बाकाबाईंनी आपल्या आप्तांस व आश्रितांस उठावापासून दूर राहण्याची ताकीद दिली आणि आपले वजन इंग्रजांच्या बाजूस टाकले, ही गोष्ट इंग्रजी अंमलदारांच्या लेखनावरून दिसते व ती नाकारण्याचे कारण नाही. १८५८ साली त्या निवर्तल्या. १८६० मध्ये भोसल्यांच्या दत्तकवारसास, जानोजींस, 'राजेबहादूर' हा किताब व देऊरची जहागीर मिळाली. त्या देणगीमागे १८५७ मधील राजनिष्ठेचा हिशेब होता, हेही उघड आहे.

या आयुष्याचा अर्थ कसा लावावयाचा? त्यांनी उठावास पाठिंबा दिला असता तर नागपुरात काय घडले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. एवढे मात्र म्हणता येईल की, आपल्या डोळ्यांदेखत १८१६ ची फूट, १८१७ चा पराभव आणि १८५४ चे हरण पाहिलेल्या त्या वृद्ध स्त्रीपुढे घराण्याचे नाव व वर्षासन टिकविणे हा एकच हेतू शिल्लक राहिला असावा, आणि तो त्यांनी साधला. राष्ट्रीय दृष्टीने हा निर्णय उणा वाटेल. तो देशद्रोह होता असे म्हणताना, ज्या संस्थानिकांनी व सरदारांनी त्या वर्षी हेच केले त्यांच्या प्रतिमा कोठे जाळल्या जातात, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता उत्सवाकडे वळू. परंपरेने काळी मारबत १८८१ पासून व पिवळी मारबत १८८५ पासून निघत असल्याचे सांगतात. पिवळ्या मारबतीची परंपरा तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. ही वर्षे प्रमाण मानून चालले तरी पहिली अडचण लगेच उभी राहते. बाकाबाईंच्या निधनास १८८१ मध्ये तेवीस वर्षे झाली होती. १८५७ चा संताप चोवीस वर्षे कोठे दडून होता आणि १८८१ मध्येच तो का उफाळला, याचे उत्तर आख्यायिकेत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मारबत ही केवळ नागपूर शहराची मिरासदारी नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा सकाळी गावाची 'मारबत' सीमेबाहेर नेऊन टाकण्याची चाल विदर्भातील खेड्यापाड्यांतून आढळते. पोळ्याच्या दिवशी घरांच्या दारांशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांस काही भागांत मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मुले व तरुण त्या उचलून, आरोळ्या देत शिवेपर्यंत नेतात व तेथे फेकून परततात. आरोळीचा आशय सर्वत्र एकच असतो. खोकला, ताप, रोगराई, डास, ढेकूण, घरातली इडापीडा, हे सर्व मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावे, एवढेच मागणे. शहरात याच मागणीत पुढे महागाईची व लाचलुचपतीची भर पडली. वैनगंगेच्या खोऱ्यात वर बालाघाट, शिवनीकडे गेले तर हाच विधी 'नारबोद' या नावाने त्याच तिथीस होतो. तेथेही बाहुली करतात, तेथेही तिला गावची दुखणी घेऊन जाण्यास सांगतात. बालाघाटच्या शेतकऱ्यास बाकाबाईंशी कसले वैर असणार? जो विधी दोन भाषांच्या मुलखांत पसरला आहे, तो एका राजवाड्यातील घटनेपासून निघाला असे मानणे म्हणजे नदीचा उगम तिच्या घाटावर शोधण्यासारखे होईल.

विधीचा काळ हा तिसरा पुरावा. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अक्षांशावर आहे. येथे जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. पोळा ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या आरंभी येतो. पेरण्या, निंदणी उरकलेल्या असतात, बैलांस थोडी उसंत मिळते, आणि त्याच वेळी डबक्यांतून पाणी साचून डास माजतात, हिवताप व पोटाची दुखणी बळावतात. उष्ण कटिबंधातील कृषिजीवनाचे हे वैशिष्ट्य आहे की, सुगीची आशा आणि साथीचे भय ही दोन्ही एकाच महिन्यात दारी येतात. रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा आणि डासाचा संबंध सिकंदराबाद येथे १८९७ साली शोधून काढला. मारबतीच्या आरोळीत ताप आणि डास शेजारीशेजारी येतात ही मौजेची गोष्ट खरी, पण तिच्यातून आपल्या पूर्वजांच्या वैद्यकज्ञानाचा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा. जे जे छळते ते सर्व एका यादीत घालावयाचे, इतकाच त्या आरोळीचा हिशेब आहे.

या तिथींचा आणखी एक संबंध आजवरच्या चर्चेत पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही असे आम्हांस वाटते. श्रावण अमावास्या ही पिठोरी अमावास्याही आहे. त्या दिवशी आया मुलांच्या आयुष्यासाठी चौसष्ट योगिनींचे व्रत करतात. त्याच दिवशी बैलांचा पोळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. लाकडी चाकांचे बैल सजवून मुले ते तोरणाखाली ओढत आणतात आणि घरोघर जाऊन बोजारा मिळवितात. नागपुरात या तान्ह्या पोळ्याचे श्रेय दुसऱ्या रघूजींस देतात. आणि त्याच दिवशी मारबत. मारबतीचा पौराणिक अर्थ सांगताना जुनी माणसे तिला पूतना म्हणतात. कृष्णास विषारी स्तनपान करविण्यास आलेल्या राक्षसीस गोकुळाबाहेर नेऊन जाळले, त्याची ही आठवण, असे ते सांगतात. पूतनेचे नाव केवळ भागवतात नाही. सुश्रुतसंहितेत बालकांस पछाडणारे जे नऊ ग्रह सांगितले आहेत त्यांत पूतना, अंधपूतना व शीतपूतना अशा तिघी आहेत. अर्थात पूतना ही बालरोगांची अधिष्ठात्री. पिठोरीस आईने मुलाचे आयुष्य मागावयाचे, दुसऱ्या दिवशी मुलास सजवून मिरवावयाचे आणि त्याच्या वाटेवरील रोगदेवतेस गावाबाहेर काढावयाचे, असा या दोन दिवसांचा सलग क्रम लागतो. भर पावसाळ्यात मुले दगावण्याचे प्रमाण जेथे मोठे होते, तेथे हा क्रम किती निकडीचा असेल याची कल्पना आज करणे अवघड आहे. बाकाबाईंची कथा या क्रमात कोठेही बसत नाही. ती काढून घेतली तरी विधीचा एकही सांधा निखळत नाही.

चौथा मुद्दा पिवळ्या मारबतीचा. काळी मारबत जर बाकाबाई, तर पिवळी कोण? आख्यायिका येथे गडबडते. कोणी पिवळीस इंग्रजी राज्यापासून मुक्ती देणारी शक्ती म्हणतात, कोणी ती केवळ इडापीडा नेणारी माता आहे असे सांगतात. प्रत्यक्ष आचार पाहिला तर पिवळी मारबत ही पूज्य आहे. मिरवणुकीच्या आधी काही दिवस तिची स्थापना होते, बाया तिला नवस करतात, तिच्या पायांशी मुलांस घालतात. जिला नवस करावयाचा तिलाच जाळावयाचे, हे वरवर विचित्र दिसते. परंतु जगातील अशा विधींची तुलना केल्यास त्यात विसंगती राहत नाही. जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाउ' या ग्रंथात दुष्ट शक्तींच्या हकालपट्टीचे जे अनेक प्रकार जमविले आहेत, त्यांत हाकलली जाणारी मूर्ती ही पुष्कळदा दुष्टाव्याची वाहक असते. ती स्वतः दोषी असते म्हणून जात नाही, आपले दोष तिने पाठीवर घेतले म्हणून जाते. मारबतीस उद्देशून लोक काय बोलतात ते नीट ऐकावे. 'तू जा' असे कोणी म्हणत नाही. 'हे घेऊन जा' असे म्हणतात. या दोन वाक्यांत शिक्षा आणि विनवणी यांच्याइतके अंतर आहे.

तात्पर्य, मारबतीचा उगम बाकाबाईंत नाही. मूळ विधी ग्रामीण, कृषिजीवनाशी निगडित आणि बालसंगोपनाच्या भयातून उपजलेला आहे. बाकाबाईंचे नाव त्यावर मागाहून बसले.

मागाहून बसलेली गोष्ट टाकाऊ असते असे मात्र नाही. उलट, केव्हा आणि का बसली हा प्रश्न अधिक फलदायी आहे. १८८१ चे नागपूर कसे होते ते पाहावे. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शाहाने वसविलेले, १७४३ नंतर पहिल्या रघूजींच्या ताब्यात आलेले हे शहर शतकभर दरबाराच्या आश्रयावर जगले होते. १८५४ नंतर दरबार संपला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये आगगाडी आली, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख १७ हजारांवर गेली. राजवाड्याभोवतीचा महाल मागे पडला आणि इतवारी, बुधवारी या बाजारपेठांच्या वस्त्या पुढे आल्या. कोष्टी, तेली, व्यापारी, गिरणीत नव्याने लागलेले मजूर यांचे हे शहर होते. त्यांतले अनेक जण खेड्यांतून आले असणार आणि येताना आपली मारबत घेऊन आले असणार. खेड्यात ती फांदी होती किंवा हातभर बाहुली होती. शहरात तिला पेठेचा मान राखावयाचा होता, म्हणून ती घरांच्या माडीएवढी उंच झाली. आमच्या मते १८८१ व १८८५ ही वर्षे विधीच्या जन्माची नव्हेत, त्याच्या नागरीकरणाची आहेत. दरबारी दसऱ्याची मिरवणूक ओसरल्यावर रस्त्यावर स्वतःची मिरवणूक काढण्याचा हक्क बाजारपेठेने घेतला, असेही याकडे पाहता येईल. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये सुरू झाला, त्याआधी काही वर्षे नागपूरच्या व्यापारी व कारागीर वर्गाने हे केले, ही नोंद महत्त्वाची आहे.

अशा शहरात १८५४ ची जखम ताजी होती. राज्य का गेले याचे कारण सामान्य माणसास कायद्याच्या भाषेत सुचत नाही, त्यास एक चेहरा लागतो. डलहौसी कलकत्त्यास होता, त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. बाकाबाई महालात राहिल्या होत्या. विधीत आधीच एक काळी स्त्री होती, तिला नाव हवे होते. दोन्ही गरजा एकमेकींस सापडल्या, अशी आमची समजूत आहे. ते १८८१ च्या सुमारास घडले की राष्ट्रीय चळवळीच्या काळात, यांपैकी दुसऱ्या पर्यायाकडे आमचा कल आहे. १८९१ व १९२० ची काँग्रेस अधिवेशने येथे भरली, १९२३ चा झेंडा सत्याग्रह तर रस्त्यावरून निशाण घेऊन जाण्याच्या हक्कासाठीच झाला. अशा वातावरणात रोगदेवतेच्या मिरवणुकीस राजकीय अर्थ येणे स्वाभाविक होते.

इंग्लंडातील गाय फॉक्सच्या पुतळ्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीस आला आणि दरवर्षी ५ नोव्हेंबरला आगी पेटवून त्या कटवाल्याचा पुतळा जाळण्याची रूढी पडली. तेथे घटना प्रथम, कायद्याने उत्सव नंतर, असा क्रम कागदोपत्री सिद्ध आहे. पार्लमेंटने त्या दिवसाच्या उपासनेचा कायदाच केला होता व तो १८५९ पर्यंत अमलात होता. नागपुरात क्रम उलटा आहे. उत्सव प्रथम, व्यक्ती नंतर. मात्र एका बाबतीत दोन्ही उत्सव सारखे आहेत. तेथेही फॉक्सच्या जोडीस त्या त्या वर्षीचा अप्रिय पुढारी जाळला जातो, येथेही मारबतीच्या जोडीस बडग्या जाळला जातो.

बडग्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण या उत्सवाची कला खरी त्याच्यात आहे. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की विदर्भात 'झडत्या' म्हणतात. आरंभी महादेवाचे नाव घेऊन पुढे या झडत्यांत गावातील मालगुजार, सावकार, पाटील यांच्यावर सडकून टीका होते, आणि त्या दिवशी तिचा राग धरावयाचा नसतो. बैलाच्या सणास मिळालेली ही वाणीची मोकळीक दुसऱ्या दिवशी बडग्याच्या रूपाने शहरात उतरते, असे मानण्यास जागा आहे. झडती ही ऐकण्याची, बडग्या पाहण्याचा व वाचण्याचा. खेड्यातील सावकारास सारे ओळखतात, त्यामुळे तेथे सूचक शब्द पुरतो. शहरात ओळख पटविण्यास पाटी लागते. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, हुंडा, शहरातील रस्त्यांची दुर्दशा, अशा विषयांचे बडगे गेल्या काही दशकांत निघत आले आहेत. पुतळा करणाऱ्यास मूर्तिशास्त्राचे शिक्षण नसते. बांबू वाकविणे, कागद चिकटविणे, एका नजरेत विषय ध्यानी यावा असा चेहरा रंगविणे, एवढे त्याचे शास्त्र. परंतु चांगला बडग्या आणि सामान्य बडग्या यांतील फरक इतवारीतील बघ्यास क्षणात कळतो. ज्या बडग्याची पाटी वाचण्याआधीच हसू फुटते, तो साधला म्हणावयाचा.

येथे एक विषमता नजरेत भरते. पुरुषरूपी बडग्या दरवर्षी बदलतो, त्याचा अपराध प्रासंगिक असतो, आणि वर्ष सरले की तो विसरला जातो. स्त्रीरूपी मारबत बदलत नाही. तिचा अपराध कायमचा. रोगदेवता म्हणून तिचे स्त्रीत्व समजण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे मरीआई व शीतळा याही स्त्रियाच आहेत आणि त्या जशा रोग देतात तशा बरेही करतात. देवीस दोन बाजू असतात. बाकाबाईंचे नाव चिकटल्याबरोबर काळ्या मारबतीची दुसरी बाजू नाहीशी झाली. ती आता केवळ फितूर बाई उरली. आख्यायिकेने इतिहासातील एका स्त्रीवर अन्याय केला हे तर आहेच, परंतु तिने विधीचेही नुकसान केले आहे. पिवळी मारबत अजून माता आहे. काळी ती राहिली नाही.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे या मिरवणुकीस परवानगी मिळाली नाही. रोगराई घेऊन जाण्यास जिला सांगावयाचे, तिलाच रोगराईने घरी थांबविले, याची चर्चा त्या वेळी शहरात बरीच झाली. साथीचे निर्बंध उठल्यानंतर मिरवणूक पूर्ववत सुरू झाली, आणि त्या वेळच्या गर्दीत पुतळ्यांच्या पायांशी मुलांस घालणाऱ्या आया पूर्वीइतक्याच होत्या. बाकाबाईंचे नाव त्यांच्या तोंडी नव्हते. त्यांचे मागणे पिठोरीच्या जातकुळीचेच होते.

संशोधनाच्या दृष्टीने आता तातडीचे काम बडग्यांच्या पाट्यांचे आहे. मारबतीचा आकार पिढ्यान्पिढ्या राखला जातो, म्हणून तिच्याविषयी पुढेही लिहिता येईल. पाट्या मात्र त्याच सायंकाळी पुतळ्यांबरोबर आगीत जातात. शहरास कोणत्या वर्षी काय जाचत होते याची शतकाहून अधिक काळाची लोकांनी स्वतः लिहिलेली नोंद अशा रीतीने दरसाल भस्म होत आली आहे. जुन्या वृत्तपत्रांच्या संचिकांतून, पेठेतील वृद्धांच्या आठवणींतून आणि मंडळांनी जपलेल्या छायाचित्रांतून तिचा जेवढा भाग परत मिळविता येईल तेवढा वर्षवारीने जुळवून घ्यावयास हवा. बाकाबाईंचे नाव काळ्या मारबतीशी छापील स्वरूपात प्रथम कोणत्या वर्षी जोडले गेले, याचा शोधही याच संचिकांत घ्यावा लागेल.